रेजोसाठी सूर

"आजोबा, ओरडताय तुम्ही!" देनिसाने नाझिफच्या एका कानातला इअरफोन ओढून काढला. "सगळी बस बघतेय."

"ओरडत नाहीये. सूर धरतोय."

"अहो, कानात घातलं की गप्प बसून ऐकायचं असतं. सगळं जग तसंच ऐकतं."

"गप्प बसून?" तिने दारातून पाहुणा परत पाठवला असावा, तसं नाझिफने नातीकडे पाहिलं. "मग रेजोच्या खाली कोण?"

देनिसाच्या त्या काडेपेटीएवढ्या प्लेअरमध्ये दोन हजार गाणी होती, पण एकाही गाण्याखाली तिला कधी सूर धरावा लागला नव्हता. त्यांच्या डोंगरात जुनी माणसं एकटी गात नसत. एक जण गाणं उचलतो, बाकीचे त्याच्याखाली एकच लांब सूर धरून ठेवतात. एकाचा श्वास संपला तरी शेजाऱ्याचा चालू असतो, त्यामुळे सूर तुटत नाही. तुटला तर गाणारा तोंडघशी पडतो. पन्नास वर्षं रेजोने गाणं उचललं होतं आणि पन्नास वर्षं नाझिफने ते खालून धरलं होतं.

आता रेजो सीमेपलीकडे सलोनिकाला, मुलीकडे होता. आज चार वाजता त्याच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. म्हणून सकाळी खाटेवर बसून त्याने एक शेवटचं गाणं फोनवर गाऊन पाठवलं. शेवटी म्हणाला होता, "इथे सूर धरायला चिटपाखरू नाही, नाझिफ. तू धर आणि पाठव. मला आत न्यायच्या आधी ऐकायचंय."

निरोप आला तेव्हा आजोबा-नात व्लोराच्या बाजारात होते. देनिसाने गाणं लगेच प्लेअरमध्ये घेतलं. प्लेअर आजोबांच्या कानात, तिचा फोन त्यांच्या तोंडाशी, आणि मग दोन्ही आवाज एकत्र करून रेजोला पाठवायचे. गावाकडे जाणारी ही एकच बस. खिंड ओलांडली की फोनला रेंज नाही, आणि खिंड अर्ध्या तासावर आलेली.

"ताउलांत, पोरा, तुझा तो दणदणाट जरा बंद कर," नाझिफने ड्रायव्हरला हाक मारली. ताउलांतने पेनड्राइव्हवर भरून आणलेली लग्नातली गाणी स्टिअरिंगशेजारी दणाणत होती.

"काका, हे बंद केलं की मला डुलकी लागते. सगळ्यांना दरी बघायचीय का?"

दोन-चार जण हसले. नाझिफने कानात इअरफोन घातला, डोळे मिटले आणि पुन्हा सुरुवात केली. दुसरं कडवं निभावलं. तिसऱ्याला छातीचा भाता रिकामा झाला, सूर तुटला आणि खोकल्याची उबळ आली. कानात रेजो उघडाबोडका एकटाच गात राहिला.

"मध्ये श्वास घ्या ना," देनिसा पाठीवर हात फिरवत म्हणाली. "मी नंतर कापून जोडते."

"जोडलेला सूर त्याला कळेल. त्याचा घसा गेलाय, कान नाही. पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावलं. या खेपेला ताउलांतच वैतागला. "काका, पुरे हो! गाडीत काहीतरी बिघडलंय असं वाटतंय मला. गप्प बसताय की उतरवू?"

"उतरव," नाझिफ म्हणाला. "पण खिंडीच्या अलीकडे उतरव. रस्त्यावर उभा राहून धरीन."

मागच्या बाकावर चीजचा डबा मांडीवर घेऊन सानिये बसली होती. ती पुढे वाकली. "नाझिफभाऊ, कोणाला धरतोयस इतका?"

"रेजोला. चार वाजता त्याचा घसा कापणार आहेत."

सानियेने डबा खाली पायाशी ठेवला.

नाझिफने चौथ्यांदा सूर लावला. पहिलं कडवं, दुसरं. तिसऱ्याच्या अर्ध्यात छाती दुखायला लागली, कानशिलं तापली. रेजो वर चढत होता, अगदी तिथे, जिथे खालचा सूर सुटला की माणूस संपतो. नाझिफचा श्वास संपला.

सूर मात्र तुटला नाही.

त्याने डोळे उघडले. सानिये धरून होती, ओठ जेमतेम उघडे, नजर खिडकीबाहेर. तिच्यापलीकडच्या टोपीवाल्या म्हाताऱ्याने खालून आवाज मिळवला. मग दाराशी उभ्या असलेल्या दोघांनी. रेजो त्यांच्यापैकी कोणालाच ऐकू येत नव्हता. नाझिफला भडभडून आलं, पण रडलं तर श्वास जाईल म्हणून त्याने ते गिळलं, छाती भरून घेतली आणि त्यांच्यात मिसळला.

तेवढ्यात गचका बसला. बस रस्त्याच्या कडेला थांबली होती. खिंडीचं वळण समोरच दिसत होतं.

सगळे गप्प झाले. नाझिफने काठी उचलली. "चल देनिसा. फोन सांभाळ."

ताउलांतने पेनड्राइव्ह उपसून खिशात टाकला. मग किल्ली फिरवली आणि इंजिनही बंद केलं. डोंगरात एकदम शांत झालं.

"खाली बसा काका," तो मागे वळून म्हणाला. "इंजिन बेसूर आहे. आता पहिल्यापासून लावा."