अर्धायुष्य चार दिवसांचे

१८ नोव्हेंबर २०२५, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. म्हसावदच्या त्या घराच्या ओट्यावर तीन माणसे आणि एक भरलेली पिशवी होती.

हिलाल सर खुर्चीत बसले होते. समोर त्यांची सून काजल आणि तिला कायमचे माहेरी न्यायला खापरहून आलेले तिचे वडील रूपचंद. सरांचा एकुलता मुलगा हेमराज जाऊन तेरा दिवस झाले होते. फेफरे आले, तो जिन्यावरून कोसळला, दोन दिवस दवाखान्यात बेशुद्ध राहिला आणि गेला.

"तुझ्या हातून त्याच्या फेफऱ्याच्या गोळ्या चुकल्या," सर म्हणाले. "मी चार दिवस मुलीकडे, ममताकडे सुरतेला होतो, तेवढ्यात."

"मी रोज दिन्ही, आबा. तुम्ही भरेल डबीमाईन."

सर तंत्रनिकेतनात शिकले होते आणि आयुष्यभर त्यांनी आयटीआयमध्ये शिकवले होते. हिशेबाशिवाय दोष देणे त्यांना मान्य नव्हते. म्हणूनच ते हेमराजला दाखल करताना झालेल्या रक्ततपासणीच्या अहवालाची वाट पाहत होते. तो आज आला होता.

शिकवताना ते पुस्तकी मराठीतच बोलत. "रोज एक गोळी घेतली, की सुरुवातीला झापड येते, पण काही आठवड्यांनी रक्तातली पातळी स्थिर होते, म्हणजे जेवढे औषध आत जाते, तेवढेच बाहेर पडते. हेमराजची पातळी वर्षभर वीस होती. या औषधाचे अर्धायुष्य चार दिवसांचे. गोळी थांबली, तर चार दिवसांत विसाचे दहा, आठ दिवसांत पाच."

"याहीबुवा, पोरनी परीक्षा लेवाले बठनात का?" रूपचंद म्हणाले.

सरांचे डोळे मिटले होते. तीन आठवडे त्यांना अशी दिवसाही झापड येत होती. गाव म्हणे, दुःख.

ते दचकून जागे झाले. "वीस आले, तर काजल निर्दोष. ती याच घरात राहील, मी तिची माफी मागेन. दहा आले, तर दोष तिचा. पाच आले, तर माझा. कारण नवी डबी मी भरली आणि जाण्याआधीचे चार दिवस गोळ्या मीच दिल्या."

शेवटची शक्यता त्यांनी केवळ मांडणी पूर्ण व्हावी म्हणून सांगितली.

त्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात होते. दोन्ही डब्या, एक हेमराजची आणि एक स्वतःच्या रक्तदाबाची, ते हाताने चाचपूनच भरत. अहवाल त्यांनी काजलपुढे धरला.

"वाच."

काजल बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग तिने सासऱ्यांकडे पाहिले. त्यांच्या सदऱ्याचे बटण चुकीच्या काजात लागले होते.

"दहा शे, आबा."

रूपचंदांनी मान खाली घातली.

"म्हणजे चार दिवस," सर म्हणाले. हिशेब जुळला होता.

काजल आत गेली. परतल्यावर तिने एक डबी त्यांच्या हातात ठेवली. "तुमनी डबी नव्या पाकिटमाईन भरी दिन्ही. जुन्या गोळ्या फेकी दिन्ह्यात."

"ते काम आता तुझे नाही."

तिने वाकून नमस्कार केला. सरांनी पाय मागे घेतले.

जीप खापरच्या रस्त्याला लागली, तेव्हा रूपचंदांनी हळूच विचारले, "खरी गोट सांग, बेटा. गोळ्या दिन्ह्यात ना तू?"

काजलने मुठीतला कागद त्यांच्या हातात दिला आणि खिडकीबाहेर पाहू लागली. रूपचंदांनी तो उलगडला.

रक्तातील पातळी: ५.