मोठ्याने केलेली प्रार्थना

जालन्याच्या एसटीत एकच जागा रिकामी होती, तीही नेमकी एस्तेरबाईंच्या शेजारी. मी बसलो तशी त्यांनी पायापाशी पडलेली मोकळी गोणी उचलून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. तीन रविवार त्या उपासनेला आल्या नव्हत्या.

"बाई, मी नाव घेतलं नव्हतं," मी हळूच म्हणालो.

"चाळीस घरांच्या मंडळीत जालन्याला दिलेली लेक फक्त माझीच आहे, पाळकसाहेब."

जावयाने रागाच्या भरात लेकीला माहेरी आणून सोडलंय, हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं होतं. कुणाला कळू देऊ नका, म्हणाल्या होत्या. मी कुणाला सांगितलंही नाही. फक्त रविवारी वेदीपुढे उभं राहून मोठ्याने मागितलं, 'जालन्याला दिलेल्या आमच्या लेकीचा संसार सावर, बापा.' मागताना मला भरून आलं होतं. सगळ्या मंडळीने आमेन म्हटलं, आणि सोमवारी ते व्याह्यांच्या कानावर गेलं.

"जावई तिला न्यायला येणार होता," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "आता म्हणतात, चारचौघांत आमची अब्रू काढलीत, तिची भांडी घेऊन जा."

मी गोणीकडे पाहिलं.

कंडक्टरने डबल बेल मारली. गाडी हलली की प्रार्थना करायची माझी वीस वर्षांची सवय. मी डोळे मिटले, हात जोडले.

"मनातल्या मनात करा, पाळकसाहेब," शेजारून आवाज आला. "गाडीत माणसं आहेत."