वाफ्यातली पावलं

घिवलीत घराच्या परसात सुलूने हौसेने खाटेएवढा भाताचा वाफा केला होता. दुपारी तान्ह्या भाविकाला निजवून ती शेजारून रोपं आणायला गेली. परतली, तर वाफा लावून झालेला.

"तुमी लावलंत काय?" तिने फाटकातून येणाऱ्या नवऱ्याला विचारलं.

"नाय गो, मी आताच येतोय पालघरवरनं."

चिखलात फाकल्या बोटांची अनवाणी पावलं होती. लावणी करणारा वाकून मागे मागे सरकतो, म्हणून टाचा घराकडे होत्या. वाफा संपला तरी पावलं थांबली नव्हती. तशीच पाठमोरी पायरी चढून ती भाविकाच्या खोलीत गेली होती.

बाहेर येणारं एकही पाऊल नव्हतं.

सुलूने लोटलेल्या दाराला हात लावला. तेवढ्यात आतून आवाज आला, ओल्या चिखलात रोप खोचल्याचा.