उशिरा पडणारा गिअर

चढाला लागताच गाडी कण्हायला लागली. मागे बसलेल्या लेकीने बाबांच्या पाठीवर दोन थापा मारल्या. बाबांनी क्लच दाबला, खालचा गिअर टाकला, आणि ती धिप्पाड क्रूझर मोटरसायकल मोकळा श्वास घेतल्यासारखी पुढे निघाली. चढावर दोन थापा म्हणजे खालचा गिअर, सपाटीला एक थाप म्हणजे वरचा. वर्षभर दोघांचं हेच चाललं होतं. आज शेवटचं. घाटापलीकडच्या गावातल्या एका बेकरीवाल्याने गाडी घेतली होती. ती त्याच्या दारात पोचवायची आणि बसने परत यायचं.

बाबा मेकॅनिक. त्यांचा उभा जन्म गॅरेजात गेला. इंजिनाला स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची, की आतलं दुखणं त्यांना कळायचं. मग आई गेली आणि तिच्या पाठोपाठ बाबांचे कानही गेले. कानाला मशीन लावलं तर नुसता गलका ऐकू येतो, म्हणून ते कपाटात जाऊन पडलं. घर गप्प झालं. दादा दारातूनच हाताने विचारायचा, जेवलात का. लेक टेबलावर डबा ठेवायची, ओठ मोठे मोठे हलवून दोन वाक्यं बोलायची आणि बाळ उठेल म्हणून घरी पळायची. बाबा सगळ्यांना मान हलवून हो म्हणायचे.

आईचा मोठा केलेला फोटो आणायला एकदा दोघं निघाली होती. पुलाच्या चढावर बाबा टॉप गिअरमध्येच राहिले. एवढं मोठं इंजिन सपाटीवर वरच्या गिअरमध्ये हळूसुद्धा मजेत चालतं. पण चढावर तसंच रेटलं, की आतून ठोके द्यायला लागतं. तिला ते ठोके ऐकू येत होते. बाबांना येत नव्हते. ज्यांनी निम्म्या गावाला गाडी शिकवली, त्यांना गिअर कधी बदलायचा ते कळेना. काही सुचेना, म्हणून तिने पाठीवर दोन थापा मारल्या. बाबांना बरोबर समजलं. तेव्हापासून दर रविवारी बाळाला नवऱ्याकडे सोपवून ती बाबांच्या मागे बसायला जायची.

नवरा हसायचा. म्हणायचा, तुझे बाबा आता ऑटोमॅटिक झाले, गिअर तूच टाकतेस. दादाला मात्र हसू आलं नाही. एका रविवारी तो चौकात उभा होता. त्याच्या समोरून गाडी कण्हत गेली, ती थाप पडेपर्यंत तशीच. संध्याकाळी त्याने गाडी विकायचा विषय काढला. बाबांनी एकट्याने चालवली तर कधी तरी ट्रकखाली जातील. आणि हिने मागे किती दिवस बसायचं? अंगावर पिणारं मूल आहे हिला. लेकीलाही त्याचं पटलं. तिने स्वतः बाबांसमोर बसून त्यांना ते सावकाश सांगितलं. बाबा तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग बरं म्हणाले, आणि फडकं घेऊन गाडी पुसायला गेले.

घाटाच्या पायथ्याशी दोघांनी चहा घेतला. रात्रभर बाळाने दातांपायी तिला झोपू दिलं नव्हतं. पुन्हा गाडीवर बसल्यावर तिने सीटच्या टेक्याला कंबर लावली, हेल्मेट बाबांच्या खांद्याला टेकवलं आणि क्षणभरच म्हणून डोळे मिटले.

उघडले तेव्हा रस्ता सरळ होता. दोन्हीकडे शेतं होती आणि डोंगर मागे राहिला होता.

ती ताठ बसली. सगळा घाट संपला होता. चढ, उतार, एकात एक अडकलेली ती वळणं. तिने एकही थाप मारली नव्हती. आणि गाडी एकदाही कण्हली नव्हती. कण्हली असती तर तिला जाग आलीच असती. बाळाने नुसती कूस बदलली तरी उठून बसणारी बाई ती.

पुढे एक छोटा चढ आला. तिने मूठ आवळली आणि हात मांडीवरच दाबून धरला. बाबांचे गुडघे टाकीला घट्ट लागले. इंजिन कुरकुरण्याच्या आतच त्यांचा डावा पाय हलला. पूर्वी हलायचा तसा, अगदी वेळेवर.

बेकरीवाला पिठाचे हात पुसत बाहेर आला. बाबांनी हेल्मेट काढलं, टाकीवरून एकदा हात फिरवला आणि किल्ली पुढे केली. लेकीने त्यांचं मनगट धरलं. त्यांची मूठ किल्लीसकट मिटवली आणि त्यांना आपल्याकडे वळवलं, ओठ दिसावेत म्हणून.

"बाबा, तुम्हाला कळतं."

बाबांनी नजर चुकवली. मग सांगून टाकलं. पहिला महिनाभर खरंच कळत नव्हतं, पुढे गुडघ्यांना कळायला लागलं. इंजिनाची थरथर टाकीतून येते, तिच्यात सगळं असतं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते फार मोठ्याने बोलत होते. बेकरीवाला उगाच मागचं चाक न्याहाळू लागला.

तिने त्याची माफी मागितली. गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. मग बाबांकडे वळली. राग होता की रडू, तिचं तिलाच कळत नव्हतं. दादाला एका शब्दाने सांगितलं असतं तर गाडी विकायची वेळच आली नसती. निदान मला तरी सांगायचं.

"वर्षभर मुद्दाम उशीर करत होतात? का?"

बाबांनी तिच्या ओठांवरून नजर काढली आणि तिच्या हाताकडे पाहिलं. या वेळी आवाज हळू आला, कसा कोण जाणे.

"वेळेवर बदलला असता, तर पाठीवर तुझा हात कशाला पडला असता, चिऊ?"