कुट्टीच्या यंत्रापाशी

गुरांचा चारा कापायच्या यंत्राचं झाकण मालकानेच काढून ठेवलं होतं. चारा सारखा अडकतो म्हणून. आठच दिवसांत त्याच्या सगळ्यात जुन्या गड्याचा उजवा हात कोपरापासून गेला.

मालकाने नवं झाकण बसवून घेतलं, मगच एका बाईला त्या कामावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पेंढी आत सारताना तिच्या गळ्यातला रुमाल सुटून चाऱ्याबरोबर ओढला जाऊ लागला. ती एकदम मागे फेकली गेली. रुमालाच्या चिंध्या झाल्या; तिला खरचटलंही नाही.

"मालक, खांदा केवढ्या जोरानं धरलात!" ती धापा टाकत म्हणाली.

मालक वीस पावलांवर, गोठ्याच्या दारात उभा होता. तिच्या खांद्यावर चाऱ्याच्या हिरव्या रसाची पाच बोटं उमटली होती.

तो तडक गड्याच्या घरी गेला. गडी दारात चहा पीत बसला होता.

"मालक, सकाळपासून गेलेला हात दुखतोय बघा," तो आपणहूनच म्हणाला. "कुणाला तरी जोर लावून ओढल्यासारखा."

मालक त्याच्याशेजारी बसला आणि इतके दिवस कुणापाशी न बोललेलं बोलून गेला. "झाकण मी काढलं होतं रे. तुझा हात माझ्यामुळे गेला."

"ठाऊक आहे मला. रडू नका."

गड्याच्या डाव्या हातात कप होता. उजव्या बाहीला गाठ मारलेली होती. आणि मालकाच्या पाठीवरून एक खरबरीत, ऊबदार तळवा सावकाश फिरत होता.