निस्ता मका

मका घरचाच होता, म्हणून वंदनानं कोंबड्यांना दुसरं काही घातलंच नाही. पुढं कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून रक्त काढायला लागल्या, तेव्हा तिनं भोकरदनच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"निस्त्या मक्यावर कोंबडी भागत न्हाई, ताई," ते म्हणाले. "सोयाबीनची पेंड द्या, चिमूटभर मीठ द्या. अन् जल्दी करा. एकदा रक्ताची चटक लागली की मंग आवरत न्हाईत."

वंदना तशीच पेंड आणायला निघाली. जाताना तिनं म्हाताऱ्या सासऱ्यांची खाट कोंबड्यांच्या शेडात टाकून दिली.

"मामा, मी येईस्तोवर लक्ष ठेवा. टोचायला लागल्या की हाकला."

"जाय तू बिनघोर. मी बसून राह्यलो ना."

ती परतली तेव्हा शेडात चिडीचूप होतं. एकही कोंबडी दुसरीला टोचत नव्हती. दुपारच्या उकाड्यात मामांचा डोळा लागला होता. वंदनाच्या जिवात जीव आला आणि ती त्यांना उठवायला खाटेजवळ गेली.


शुगरनं कधीचेच बधिर झालेले मामांचे पाय खाटेखाली लोंबत होते, आणि त्यांच्याभोवती दाटीनं उभ्या असलेल्या कोंबड्यांच्या चोची लालभडक झाल्या होत्या.