व्यापारी फ्रेंच

ओटीवर बसून दोन फ्रेंच पाहुणे सुकेळी चाखत होते, आणि माजघराच्या दाराआड पंधरा वर्षांची चंद्रकांता त्यांच्या बोलण्याकडे कान लावून उभी होती.

तिला तिथं उभं केलं होतं तिच्या थोरल्या काकांनी, हरिश्चंद्रांनी. आगाशीच्या त्यांच्या वाडीत राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायची, मधासारखी झाली की बांधायची, हे घरातलं पिढीजात काम. ही सुकेळी आजवर आसपासच्या बाजारांपलीकडे फारशी गेली नव्हती. यंदा, चौऱ्याऐंशी साली, मुंबईच्या एका दलालानं हे दोन व्यापारी थेट घरी आणले होते. दलाल त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचा आणि घरच्यांशी मराठीत. पण ते दोघं आपसांत बोलत ते फ्रेंचमध्ये, आणि अगदी मोकळेपणानं. या ओटीवर आपली भाषा कुणाला कळेल, अशी शंकाही त्यांना शिवली नव्हती.

हरिश्चंद्रकाका गावच्या हायस्कूलच्या कमिटीवर होते. त्या शाळेत कार्मिन लोपीस टीचर दर शनिवारी दुपारी नववी-दहावीला व्यापारी फ्रेंच शिकवत. नमुना कसा दाखवायचा, भाव कसा सांगायचा, माल कधी पोचेल ते कसं कळवायचं. केळीवाल्यांच्या आणि पानवेलवाल्यांच्या पोरांना फ्रेंच कशाला, त्यापेक्षा टायपिंग शिकवा, असं काकांनी कमिटीत तोंडावर सांगितलं होतं. वर्ग ठेवायचा की नाही ते पुढच्या बैठकीत ठरणार होतं. टीचर मात्र निर्धास्त होत्या. ताठ उभं राहा, समोरच्याच्या डोळ्यांत बघा आणि पहिलं वाक्य चोख बोला, एवढाच त्यांचा मुलांकडे आग्रह असे.

सकाळीच काकांनी पुतणीला बजावलं होतं. दाराआड उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही, ते आपसांत काय ठरवतात ते ऐकून मला सांगायचं.

"एवढंही जमलं नाही," ते म्हणाले होते, "तर तो वर्ग मीच बंद करीन."

तरुण पाहुण्यानं एक सुकेळं तोंडात टाकलं. क्षणभर त्याचे डोळे मिटले. मग तो वयस्क पाहुण्याकडे झुकून काहीतरी बोलला, त्यानं काहीतरी उत्तर दिलं, आणि दोघांनीही एकदम चेहरे पाडले. दलालानं खुलासा केला की साहेबांना माल बेताचाच वाटतो, भाव चांगला खाली आणलात तर विचार करतील. चंद्रकांताच्या वडिलांनी, दयारामांनी, मान खाली घातली. घरातल्या बायकांनी एकेक केळं हातानं परतून सुकवलं होतं. बेताचा माल, हा शब्द दयारामांना लागला.

पाणी प्यायच्या निमित्तानं काका आत आले आणि काय म्हणतायत म्हणून हळूच विचारलं. चंद्रकांता नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. बाहेर पुन्हा फ्रेंच सुरू झालं होतं. आईनं ट्रेमध्ये चहाचे कप आणि साखरेची वाटी मांडून ठेवली होती. चंद्रकांतानं वेणी मागं टाकली, ट्रे उचलला, आणि काका अडवायच्या आत ती ओटीवर जाऊन उभी राहिली. ताठ. वयस्क पाहुण्याच्या डोळ्यांत बघून तिनं स्वच्छ फ्रेंचमध्ये विचारलं,

"साहेब, चहात साखर किती घालू?"

तरुण पाहुण्याला ठसका लागला. वयस्काचे कान लाल झाले. दारात उभ्या काकांनी कपाळाला हात लावला. हुकमाचं पान पोरीनं आपणहून उताणं टाकलं होतं.

तुला फ्रेंच येतं, असं वयस्कानं सावकाश विचारलं. शाळेत शिकते, ती म्हणाली. मग मघापासूनचं आमचं सगळं बोलणं, असं म्हणून तो अडखळला. चमचा साखरेत धरून चंद्रकांता शांतपणे थांबली.

तो हसायलाच लागला. त्यानं खुर्ची दलालाकडून वळवून तिच्याकडे केली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला,

"माल उत्तम आहे. ते तू ऐकलंच आहेस, आता लपवण्यात काय अर्थ?"

तिनं ते वडिलांना मराठीत सांगितलं. दयारामांची मान वर झाली. पुढचं सगळं बोलणं तिच्यामार्फत झालं. जिथं अडलं तिथं तिनं पुन्हा सांगा म्हटलं, आणि त्यानं पुन्हा सांगितलं. जेवणाची पानं मांडेपर्यंत दयारामांनी सांगितलेल्या दरानं सौदा ठरला. पुढच्या हंगामाचंही बोलणं झालं.

कमिटीच्या बैठकीत हरिश्चंद्रकाका स्वतः उठले. वर्ग चालू राहू द्या, आणि आठवीपासून सुरू करा, असं त्यांनी मांडलं. माझ्या पुतणीसमोर त्या दोघांना पोटातलं ओठावर आणावं लागलं, हे त्यांनी ज्याला त्याला सांगितलं.

शनिवारी वर्ग सुटल्यावर कार्मिन टीचरनी चंद्रकांताला थांबवून घेतलं. त्या स्वतः कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांकडे फ्रेंच शिकल्या होत्या, जन्मात एकाही फ्रेंच माणसाशी बोलल्या नव्हत्या. सगळी हकिकत त्यांनी दोनदा ऐकली. मग खुर्ची पुढं ओढून त्यांनी उत्सुकतेनं विचारलं की सुरुवातीला ते आपसांत नेमकं काय बोलत होते.

चंद्रकांतानं दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"एक अक्षर कळलं नाही, टीचर," ती म्हणाली. "म्हणून तर चहा घेऊन बाहेर गेले."